मापांतील मुभा

घराला दार बसविणारा सुतार आपण सर्वांनीं पाहिला आहे. चौकट भिंतींत आधींच उभी असते. सुतार दार उचलून चौकटीशीं लावतो, जेथें अडेल तेथें पेन्सिलीची खूण करितो, खालीं ठेवून रंधा मारतो, पुन्हां लावून पाहतो. आणि इतकें करूनहि वर दोन सूत फट राहिलीच, तर तींत एक पट्टी ठोकून मोकळा होतो. दार उत्तम बसतें. मात्र तेंच दार शेजारच्या खोलीच्या चौकटीस लावूं गेल्यास बसत नाहीं, आणि तें बसावें अशी घरधन्याची अपेक्षाहि नसते. त्या दाराची व त्या चौकटीची गांठ जन्माची असते. तिसऱ्याचा तेथें संबंध नाहीं.

या पद्धतीला हिणविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तिच्याच बळावर माणसानें वाडे उठविले, गलबतें बांधलीं, घड्याळें केलीं. आणि विमानाचीं पहिलीं वीस-पंचवीस वर्षेंहि बहुतेक तिच्यावरच निभावलीं. लांकूड, कापड व तारा यांच्या त्या विमानांचा पंख वांकडा बसला, तर तारा आवळून तो सरळ करीत. सतारीच्या खुंट्या पिळून सूर लावावा तसें. पुढें विमान पत्र्याचें झालें, त्याचा वेग वाढला, आणि युद्धाला विमानें शेंकड्यांनीं नव्हे, हजारांनीं लागूं लागलीं. तेव्हां हा मार्ग खुंटला. तो कसा खुंटला व त्याच्या जागीं काय आलें, ही हकीकत शोधकांच्या व वैमानिकांच्या चरित्रांत फारशी येत नाहीं. तींत उड्डाण नाहीं, शर्यत नाहीं. आहे ती केवळ फूटपट्टी. तरी पण दुसऱ्या महायुद्धांत किती विमानें वेळेवर आकाशांत गेलीं याचा हिशेब पाहूं लागलें म्हणजे या फूटपट्टीपाशीं येऊन थांबावें लागतें.

आम्ही महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितों. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातीं व्हर्निअर कॅलिपर देऊन एकच पितळी नळकांडें वीस जणांना मोजावयास सांगितलें, कीं पांच-सहा निरनिराळीं उत्तरें येतात. मग "सर, यांतलें बरोबर कोणतें?" हा प्रश्न ठरलेला. अगदीं बरोबर असें कोणतेंच नाहीं, हें उत्तर ऐकून मुलांचा विरस होतो; पण यंत्रविद्येची खरी सुरुवात या विरसापासूनच होते. बरोबर वीस मिलिमीटर व्यासाचा दांडा जगांत कोणीं केलेला नाहीं व कोणाच्यानें होणारहि नाहीं. होतो तो विसाच्या आसपासचा. तेव्हां आराखडा काढणारानें नुसतें '२० मिलिमीटर' लिहून लेखणी खालीं ठेवली, तर त्यानें आपलें काम अर्धेंच केलें व उरलेलें अर्धें कारागिराच्या गळ्यांत टाकलें, असें म्हणावें लागेल. १९.९ पासून २०.१ पर्यंत कांहींहि चालेल, हेंहि त्यानेंच लिहावयास पाहिजे. या परवानगीला इंग्रजींत टॉलरन्स म्हणतात. आम्ही येथें तिला 'मुभा' म्हणूं. मुभा अधिक दिली तर भाग एकमेकांत खुळखुळतात किंवा मुळींच बसत नाहींत. कमी दिली तर खर्च भरमसाट वाढतो, आणि कोठारापेक्षां भंगाराचा ढीग मोठा होतो. चूक होणारच, ती कोठें व किती होऊं द्यावयाची हें कोणीं ठरवावें, याच प्रश्नाभोंवतीं हा सर्व इतिहास फिरतो.

कल्पना जन्मली ती बंदुकींत. १७८५ सालीं फ्रान्समध्यें ऑनोरे ब्लां या बंदुका घडविणाऱ्या कारागिरानें चापाचे सुटे भाग वेगवेगळ्या पेट्यांत भरून ठेवले व पाहुण्यांस सांगितलें कीं, हवा तो भाग उचला आणि जोडा. अमेरिकेचे वकील जेफर्सन तेव्हां पॅरिसमध्यें होते. त्यांनीं स्वतःच्या हातानें कांहीं चाप जोडून पाहिले आणि मायदेशीं तसें कळविलें. पुढें अमेरिकेंतील सरकारी शस्त्रशाळांनीं कित्येक दशकें खपून ही गोष्ट खरी करून दाखविली. तो सर्व इतिहास मनोरंजक आहे, पण येथें आम्हांला त्यांतून पुढें गेलें पाहिजे.

एक अडचण मात्र सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. दोन कारखान्यांत दोन फूटपट्ट्या असल्या, तर त्या दोन्ही सारख्याच खोटें बोलतील हें कशावरून? या प्रश्नाचें उत्तर स्वीडनमधील एस्किल्स्टूना गांवच्या बंदुकींच्या कारखान्यांतील योहान्सन नांवाच्या तपासनिसानें १८९६ सालीं शोधून काढलें. त्यानें पोलादाचे १०२ ठोकळे असे योजिले कीं, ते एकमेकांस चिकटवून एक मिलिमीटरपासून दोनशें एक मिलिमीटरपर्यंत, शतांश मिलिमीटरच्या पायरीनें, वीस हजार मापें हवीं तशीं तयार करावींत. ठोकळे इतके सपाट कीं, एकमेकांवर घासून दाबले म्हणजे सोडूं म्हणतां सुटत नाहींत. हे ठोकळे त्यानें घरीं बायकोच्या शिवणाच्या यंत्राचें घांसण्याचें यंत्र बनवून त्यावर पुरे केले. त्या माउलीनें काय म्हटलें याची नोंद इतिहासानें ठेवलेली नाहीं!

योहान्सनच्या ठोकळ्यांनीं आणखी एक गोष्ट पुढें आणली. ठोकळा हातांत धरला कीं हाताच्या उबेनें वाढतो. ऊन लागलें कीं धातु वाढतो हें आमच्या खेड्यांतील लोहाराला कोणीं शिकवावें लागत नाहीं. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितांना तो ती लाल तापवितो, आणि पाणी पडतांच ती आंवळून सबंध चाक करकचून धरते. पण मापाच्या बाबतींत हाच गुण अवगुण ठरतो. म्हणून कोणतेंहि माप सांगावयाचें तें २० अंश सेंटिग्रेड उष्णतामानाचें, असा संकेत १९३१ सालीं आंतरराष्ट्रीय संमतीनें ठरला. हा आंकडा वाचकांनीं कृपा करून लक्षांत ठेवावा. पुढें त्याची गांठ पडणार आहे.

आतां विमानाकडे वळूं. बंदूक हातांत मावते. तिचे भाग जाड व टणक असतात. विमानाचें धड म्हणजे पातळ पत्र्याचें पोकळ नळकांडें. सुटा पत्रा हातांत धरला तर आपल्याच वजनानें लवतो. त्याचें माप घ्यावयाचें तें कोणत्या स्थितींत, येथूनच वादाला सुरुवात. शिवाय विमानांत सरळ रेषा व काटकोन शोधून सांपडावयाचे नाहींत. सर्वत्र वळणें; आणि हीं वळणें जहाजें बांधणारांप्रमाणें एका मोठ्या जमिनीवर पूर्ण आकारांत रेखून त्यांवरून पत्र्याचे फर्मे कापीत. त्या फर्म्यांवरून भाग, आणि भाग धरून ठेवण्यास पोलादाचा एक भला मोठा सांगाडा. कारखान्यांत त्याला जिग म्हणतात. जिगमध्यें फासळ्या, तुळया व पत्रे आपापल्या जागीं अडकवावयाचे आणि रिव्हेट ठोकावयाचे. सुताराच्या नजरेचें काम हा सांगाडा करितो. पण सांगाडाहि कोणीं तरी मोजूनच उभा केलेला असतो.

भाग अनेक झाले म्हणजे चुका एकमेकींवर चढतात. थेंबें थेंबें तळें सांचतें. समजा, धडाचे सोळा तुकडे ओळीनें जोडावयाचे आहेत व प्रत्येकाच्या लांबींत अर्धा मिलिमीटर अधिक-उणें होण्याची मुभा आहे. सर्वच तुकडे लांब निघाले तर शेवटीं आठ मिलिमीटरांचा फरक पडेल. परंतु सोळाहि तुकडे एकाच बाजूस पुरे चुकावेत, हें सोळा वेळां नाणें उडवून सोळाहि वेळां छापच पडण्याइतकें दुर्मिळ. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर त्यांची बेरीज संख्येच्या नव्हे, तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत वाढते. सोळाचें वर्गमूळ चार, म्हणून बहुधा फरक दोन मिलिमीटरांच्या आंत राहतो. आठ धरून चालणारा आराखडेकार प्रत्येक तुकड्यावर अतोनात पैसा ओततो; दोन धरून चालणारा स्वस्तांत सुटतो, पण क्वचित् फसतो. आणि सर्व गोम 'स्वतंत्र असतील तर' या तीन शब्दांत आहे. सांगाडाच कलला असेल, तर त्यांतून निघणारा प्रत्येक भाग त्याच बाजूस कललेला निघतो. मग वर्गमूळ कोणाच्याहि मदतीला येत नाहीं.

१९३६ च्या ५ मार्चला इंग्लंडांत ईस्टले येथें मिचेल या आराखडेकाराचें स्पिटफायर प्रथम उडालें, आणि जून महिन्यांत सरकारनें सुपरमरीन कंपनीला तीनशें दहा विमानांची मागणी दिली. स्पिटफायरचा पंख आजहि चित्रांत पाहून मन प्रसन्न होतें. लंबवर्तुळाच्या आकाराचा, टोकाकडे निमुळता, कोठें कोपरा म्हणून नाहीं. पण आकार सारखा बदलत जातो म्हणून एकीसारखी दुसरी फासळी नाहीं. पुढच्या कडेचा पत्रा दोन दिशांनीं वळवावयाचा. आणि मुख्य तुळईच्या कडा एकांत एक सरकवून बसविलेल्या चौकोनी नळ्यांच्या. एक नळी जाड निघाली तर दुसरींत शिरत नाहीं. बारीक निघाली तर सैल. साउदॅम्प्टनचा कारखाना लहान, म्हणून पंखांचें काम बाहेरच्या कंपन्यांना दिलें होतें. परिणाम असा झाला कीं, १९३८ च्या आरंभीं धडें तयार होऊन पंखांची वाट पाहत पडून राहिलीं. कारखान्याचें पहिलें विमान मे १९३८ मध्यें उडालें. तें पाहण्यास मिचेल नव्हता. तो जून १९३७ मध्येंच कर्करोगानें वारला होता.

मोटारी करणारे लॉर्ड नफील्ड यांना बर्मिंगहॅमजवळ कॅसल ब्रॉमिच येथें मोठा कारखाना काढून देण्यांत आला. एप्रिल १९३९ मध्यें त्यांना एक हजार स्पिटफायरांची मागणी मिळाली. मे १९४० उजाडला तरी एकहि बाहेर पडलें नव्हतें. दोष कोणाचा यावर तेव्हांहि कडाक्याचें भांडण झालें. मोटारवाले म्हणत, आराखडे रोज बदलतात; विमानवाले म्हणत, या लोकांना विमानाचा पत्रा म्हणजे मोटारीची टपच वाटते. आमच्या मतें दोघांचेंहि म्हणणें खरें होतें. मंत्री बीव्हरब्रुक यांनीं कारखाना काढून सुपरमरीनच्या मूळ मालकांकडे, व्हिकर्सकडे, सोंपविला आणि जूनमध्यें पहिलीं विमानें निघालीं. पुढें याच कारखान्यानें बारा हजारांच्या आसपास स्पिटफायर केलीं.

तीन महिन्यांनींच, सप्टेंबर १९४० च्या २४ व २६ तारखांस, जर्मन विमानांनीं साउदॅम्प्टनचा मूळ कारखाना बाँब टाकून जमीनदोस्त केला. पुष्कळ कामगार मेले. पण यंत्रें व जिग यांपैकीं बरींचशीं आधींच हलविलेलीं होतीं. आराखड्यांची कचेरी विंचेस्टरजवळ हर्स्ली पार्क या जुन्या वाड्यांत गेली. आणि काम सबंध दक्षिण इंग्लंडांत विखुरलें. साउदॅम्प्टनांतील एक कपडे धुण्याचा कारखाना, मोटारींचीं गॅरेजें, बसगाड्यांचे तळ, सॉल्सबरी, रेडिंग व ट्रोब्रिज येथील इमारती, अशा ठिकाणीं पोलादी सांगाडे उभे राहिले. कोठें पंख, कोठें धड, कोठें शेपूट. ज्यांनीं पूर्वीं विमान जवळून पाहिलेंहि नव्हतें अशा स्त्रिया व पोरसवदा मुलें रिव्हेट ठोकूं लागलीं. तयार भाग लॉरींवर लादून विमानतळावर नेत आणि तेथें एकमेकांस जोडीत.

आमच्या मनाला या इतिहासांतला हाच प्रसंग फार लागून राहिला आहे. सुताराच्या पद्धतीनें हें विमान बनत असतें तर तें त्या दोन दिवसांतच संपलें असतें, कारण त्याचें ज्ञान माणसांच्या हातांत राहिलें असतें आणि माणसें मेलीं होतीं. पण ज्ञान सांगाड्यांत व आराखड्यांत उतरलें होतें, म्हणून तें गाडींत घालून नेतां आलें. परिटाच्या घरीं केलेला पंख गॅरेजांत केलेल्या धडास बसला. सगळेच निमूट बसले असतील असें मानण्याइतके आम्ही भोळे नाहीं. कानस, हातोडी आणि पातळ पट्ट्या प्रत्येक तळावर असणारच. मात्र त्या पट्ट्यांनीं भागेल इतकाच फरक उरला, हा मोठा जय होता. आणि रणांगणावर त्याचें फळ दुप्पट मिळे: एकाचें धड मोडलें व दुसऱ्याचा पंख मोडला, तर दोन निकामी विमानांतून तिसरें उडण्याजोगें निघे.

स्पिटफायरचें मर्लिन इंजिन रोल्स-रॉईसनें डर्बी येथें सिद्ध केलेलें. मागणी वाढल्यावर मँचेस्टरच्या फोर्ड कंपनीनें तें करावें असें ठरलें. रोल्स-रॉईसचे स्टॅन्ली हूकर यांनीं आपल्या आत्मचरित्रांत सांगितलेली गोष्ट अशी: फोर्डचा एक इंजिनिअर आला आणि म्हणाला कीं, तुमच्या आराखड्यांवरून आम्हांला हें इंजिन करतां यावयाचें नाहीं. हूकरांना वाटलें, आपलें बारीक काम या मोटारवाल्यांना झेपत नसेल. उत्तर उलट आलें. तुम्ही दिलेली मुभा आम्हांला फार मोठी होते, आम्ही मोटारी याहून कितीतरी नेमक्या करितों! रोल्स-रॉईसचे लोक थक्क झाले. त्यांची तर अशी समजूत कीं, नेमकेपणांत आपला हात कोणी धरणार नाहीं.

या गोष्टीवर डर्बीच्या लोकांना हंसण्याची चाल आहे. आम्हांला ती अन्यायाची वाटते. डर्बीस इंजिन जोडणारे फिटर पंचवीस-पंचवीस वर्षें मुरलेले. हा शब्द आपल्या गिरण्यांत व कारखान्यांत इतका रुळला आहे कीं त्याचा अर्थ विसरला जातो. फिटर म्हणजे बसविणारा. दहा दांड्यांतून या भोकाला कोणता साजेल हें त्याची बोटें ओळखीत, आणि न साजला तर हातांत कानस होतीच. जेथें मुभा मोठी तेथें माणूस मोठा लागतो. फोर्डची रीत निराळी. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनांत फिटर असूं नये, हें हेन्री फोर्डच्या नांवें प्रसिद्ध झालेल्या एका लेखांत १९२६ सालींच स्पष्ट म्हटलें होतें. मँचेस्टरला हजारों अननुभवी स्त्रिया कामावर येणार होत्या. त्यांच्या हातीं कानस देऊन चालणार नव्हतें. म्हणून आराखडे पुन्हां काढले, मुभा आखडली, त्यांत बराच काळ गेला. आणि मग तेथून तीस हजारांवर मर्लिन इंजिनें बाहेर पडलीं. अमेरिकेंत डेट्रॉइटच्या पॅकार्ड कंपनीनें तेंच इंजिन हातीं घेतलें, तेव्हां तर स्क्रूच्या आट्यांपासून तयारी. इंग्रजी आटा व्हिटवर्थचा, ५५ अंशांचा; अमेरिकन आटा ६० अंशांचा. इंग्रजी आटे पाडण्याचीं हत्यारें पॅकार्डला स्वतः घडवावीं लागलीं. दोन मित्रराष्ट्रांचा बोल्ट एकमेकांच्या नटांत जात नाहीं, हा धडा युद्धांत इतका महाग पडला कीं, १९४८ सालीं ब्रिटन, अमेरिका व कानडा यांनीं वॉशिंग्टनला बसून आट्यांचा करार केला.

याच सुमारास, डिसेंबर १९४० मध्यें, आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं म्हैसूर संस्थानच्या साह्यानें बंगलोरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली. तेथून १९४१ सालीं उडालेलें पहिलें हार्लो विमान अमेरिकेहून आलेले भाग जोडूनच उभें राहिलें. सात समुद्रांपलीकडे पाडलेलीं भोकें बंगलोरांत जुळलीं पाहिजेत, अशी ही सुरुवात होती.

त्यानंतर महिन्याभरानें, जानेवारी १९४१ मध्यें, फोर्डचे सोरेन्सन कॅलिफोर्नियांत सॅन डिएगो येथें गेले. कन्सॉलिडेटेड कंपनी तेथें बी-२४ हें चार इंजिनांचें बाँबफेकें विमान करीत होती, व फोर्डनें त्याचे भाग करावेत असा सरकारचा आग्रह होता. सोरेन्सनांनीं पाहिलें तें असें: शेवटची जोडणी उघड्यावर, लख्ख उन्हांत, पोलादी सांगाड्यावर चालली आहे. सकाळीं सांगाडा थंड, दुपारीं तापलेला. त्यांनीं पुढें लिहिलें आहे कीं, त्या उष्णतेनें सांगाडाच वेडावांकडा होई, आणि पुन्हां ठाकठीक केल्याखेरीज एकासारखें दुसरें विमान निघणें अशक्य होई.

येथें आमचा वर्गांतला खडू उचलल्यावांचून राहवत नाहीं. ॲल्युमिनियम एका अंशाला दर मीटरमागें सुमारें तेवीस सहस्रांश मिलिमीटर वाढतो. पोलाद सुमारें बारा. दहा मीटर लांबीचा भाग वीस अंशांनीं तापला, तर ॲल्युमिनियम साडेचार मिलिमीटरांहून थोडें अधिक वाढेल, पोलाद अडीचाहून थोडें कमी. म्हणजे विमान एक म्हणतें, त्याला धरणारा सांगाडा दुसरेंच म्हणतो, आणि मध्यें दोन मिलिमीटरांहून अधिक तफावत. रिव्हेटच्या भोकाला तेवढी तफावत म्हणजे भोक चुकलेंच. बी-२४ च्या पंखांचा पसारा एकशें दहा फूट होता, आणि एका विमानांत तीन लाखांच्या वर रिव्हेट!

सोरेन्सननें त्या रात्रीं हॉटेलांतल्या खोलींत बसून नव्या कारखान्याचा नकाशा पेन्सिलीनें काढला: छपराखालीं, रांगेनें, तासाला एक विमान. तो कारखाना मिशिगनमध्यें विलो रन येथें झाला. पण आरंभींची फजिती अशी कीं, लोक त्याला 'विल इट रन' म्हणूं लागले. फोर्डनें मोटारींच्या रिवाजाप्रमाणें कठीण पोलादाचे सांचे घडविले, कारण मऊ धातूच्या सांच्यांतून निघणारा शंभरावा पत्रा पहिल्यासारखा नसतो. हिशेब चोख होता. परंतु युद्धांत विमान एका रूपांत राहत नाहीं. बंदूक इकडे हलवा, टाकी तिकडे न्या, अशा सूचना आघाडीवरून येत राहतात, आणि पोलादाचा सांचा बदलणें म्हणजे नवा संसार मांडणें. शेवटीं असें ठरलें कीं, कारखान्यानें एका ठशाचीं विमानें काढीत राहावें, आणि फेरबदल नंतर दुसरीकडे नेऊन करावेत. १९४४ सालीं तासाला एक विमान निघूं लागलें. एकंदर आंकडा ८,६८५ पर्यंत गेला. सुताराला दाराचा आकार आयत्या वेळीं बदलतां येतो. विलो रनला तें सुख नव्हतें.

त्याच वर्षांत स्कॉटलंडमध्यें अलेक्झांड्रिया गांवच्या सरकारी टॉर्पेडो कारखान्यांत स्टॅन्ली पार्कर नांवाचे गृहस्थ एका वेगळ्याच अन्यायाचा विचार करीत होते. आराखड्यांत भोकाची जागा सांगावयाची ती डावीकडून इतकी व खालून इतकी, आणि दोन्हींत थोडी मुभा. म्हणजे भोकाचा मध्य एका लहानशा चौकोनांत कोठेंहि पडला तरी तें पास. पार्करांच्या लक्षांत आलें कीं, चौकोनाच्या कोपऱ्यांत पडलेलें भोक मध्यापासून अधिक दूर असूनहि पास होतें, आणि बाजूच्या किंचित् बाहेर पडलेलें, प्रत्यक्षांत जवळ असलेलें, नापास होतें! बोल्टाला डावें-उजवें कळत नाहीं. त्याला कळतें तें अंतर. तेव्हां मुभा चौकोनी नसून वर्तुळाकार असावयास पाहिजे. चौकोनाच्या चारी कोपऱ्यांतून जाणारें वर्तुळ काढलें तर त्याचें क्षेत्र चौकोनाच्या दीडपटीहून अधिक, शेंकडा सत्तावन्नानें मोठें, भरतें. याचा अर्थ, धडधाकट बसणारे भाग केवळ आराखड्याच्या भाषेमुळें भंगारांत जात होते. आज विमानांच्या आराखड्यांवर दिसणाऱ्या चिन्हांची स्वतंत्र लिपि या विचारांतून वाढली. परीक्षेचे पेपर तपासण्यांत आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्याला पार्करांविषयीं विशेष आदर वाटतो, हें कबूल केलें पाहिजे.

युद्धानंतरची वाटचाल थोडक्यांत सांगतां येईल. जमिनीवर रेघा काढणें जाऊन वळणें गणिताच्या समीकरणांत आलीं. मस्टँग विमानापासूनच तें सुरू झालें होतें. पुढें समीकरणें संगणकांत गेलीं. १९९४ सालीं प्रथम उडालेलें बोइंग ७७७ कागदावर न काढतां सर्वस्वीं संगणकावर रेखलेलें होतें. पहिल्याच विमानाचीं धडें जुळवितांना अर्ध्या इंचाच्या जागीं केवळ ०.०२३ इंचाचा फरक आढळला, असें कंपनीनें अभिमानानें सांगितलें. तें वाचून आतां हा प्रश्न मिटला असें पुष्कळांना वाटलें असावें.

त्याच कंपनीच्या ७८७ विमानाचें धड ॲल्युमिनियमचें नव्हे, कार्बनच्या धाग्यांचें व राळेचें. नाक अमेरिकेंतील विचिटाचें, मधलें धड जपानचें व इटलीचें. सर्व भाग मोठ्या विमानांत घालून एका ठिकाणीं आणावयाचे. २००७ सालीं पहिलेंच विमान जोडतांना नाकाच्या व धडाच्या सांध्यांत डोळ्यांना दिसेल अशी फट निघाली. ती मिटविली गेली. पण खरी गोष्ट पुढेंच होती. ॲल्युमिनियमचा पत्रा लवचिक; थोडी फट असली तर रिव्हेट ती ओढून मिटवितो व पत्रा तें सोसतो. कार्बनचें धड ताठ. त्याला ओढलें तर आंत ताण राहतो व तो वर्षानुवर्षें त्या जागीं छळत बसतो. म्हणून आराखडेकारांनीं ठरविलें कीं, सांध्यांत ०.००५ इंचाहून अधिक फट राहतां कामा नये. राहिली तर तेवढ्याच जाडीची पट्टी करून भरावी. ०.००५ इंच म्हणजे जाडसर कागदाएवढें. २०२० मध्यें तपासणींत आढळलें कीं, कित्येक विमानांत या मर्यादेचें उल्लंघन झालें आहे. तत्काळ अपघाताचें भय नाहीं, असें कंपनीचें म्हणणें होतें. तरी मे २०२१ च्या अखेरीपासून ऑगस्ट २०२२ पर्यंत विमानें गिऱ्हाइकांच्या हवालीं करणें थांबलें, आणि शंभरांवर तयार विमानें धावपट्टीच्या कडेला उभीं राहिलीं. तीं दुरुस्त करावयाचीं म्हणजे काय? तर आंतली सजावट उचकटून, सांध्यापर्यंत पोंचून, फट मोजून, तींत पट्टी बसविणें. दाराच्या वरच्या फटींत आमचा सुतार जें करितो तेंच. फरक इतकाच कीं, येथें पट्टीची जाडी त्याच्या नजरेवर सोंपविलेली नाहीं, आणि त्याला तिच्यावर सही करावी लागते.

या ७८७ विमानांच्या कांहीं तुळया, ज्यांवर प्रवाशांच्या पायांखालची जमीन टेकते, नागपूरच्या मिहानमधील टाटांच्या कारखान्यांत बनून परदेशीं गेल्या आहेत. मे महिन्यांत नागपुरास बाहेर पारा ४५ अंशांवर असतो. तुळईच्या आराखड्यांतील प्रत्येक आंकडा मात्र २० अंशांचा असतो.